टेकलेली बोटं

६ जानेवारी

प्रिय खटपट्यास,

"ज्याची नजर कळफलकावर जाईल, त्याने एकदा दाराकडेही बघून घ्यावं." मामांचं हे वाक्य तुला आठवतं का, असं विचारणार होते. पण तुला नाही आठवणार तर कुणाला. वर्गातली सगळी टाइपरायटरं खडखडत होती आणि तू टायपिंग सोडून, मान खाली घालून, कळ दाबली की आतला दांडा कसा वर येतो ते बघत होतास. मामांनी ते वाक्य नेहमीसारखं सगळ्यांना उद्देशून म्हटलं. तू मात्र खरंच दाराकडे बघितलंस, उठलास आणि गेलास. सख्ख्या बापाच्या वर्गातून. मामांनी पुढचा धडा घेतला.

आज ते वाक्य सकाळपासून डोक्यात घोळतंय, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कळांकडे बघून टाइप केलं. हात दुखतो. दोन्ही, पण उजवा जास्त. मनगटाच्या आतून कुणीतरी एक तार ताणून धरल्यासारखं वाटतं, आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट जागेवर उशिरा पोचतात. मग नजर खाली जातेच. डॉक्टरांना दाखवलं. जरा जपा म्हणाले.

माझं काम तुला माहीत आहे. सुनावण्यांचं रेकॉर्डिंग कानाला लावायचं आणि शब्द न् शब्द उतरवायचा. दिवसभर कानात परकी माणसं भांडत असतात, म्हणून तर संध्याकाळी फोन नकोसा होतो आणि तुला पत्र लिहिते. आता ऑफिसात ऐकून आपोआप लिहिणारं यंत्र आलंय. ते अजून फार चुकतं, म्हणून आम्ही आहोत. पण जिचा वेग उतरतो तिचं काम त्याच्याकडे जातं. दोघी गेल्या. मला जायचं नाही. दुसरं काही येत नाही हे एक कारण. आणि हे मला फार चांगलं येतं, हे दुसरं. ते तुलाच सांगू शकते.

तू लोकांना ते दोन तुकड्यांचे कीबोर्ड करून देतोस ना? मला एक करशील का? मामांना नमस्कार सांग. म्हणावं, भाची नापास होत चाललीय.

तुझी
ताई


१७ जानेवारी

प्रिय ताई,

पहिली गोष्ट. मी वर्गातून उठून गेलो नाही, मला हाकललं. शब्द न् शब्द उतरवणाऱ्या बाईने तरी इतिहास नीट लिहावा.

दुसरी गोष्ट, करून देतो. विचारतेस काय. दुकानात बाकी रेडिओ नि मिक्सर आहेत, ते थांबतील. साधा कीबोर्ड एवढासा असतो. त्यावर दोन्ही हात मावायचे म्हणजे खांदे आत, कोपरं आत आणि मनगटं बाहेर मुरडलेली. दिवसभर अंग चोरून बसायचं, आणि वर विचारायचं, का दुखतं. मी दोन सुटे तुकडे करतो, एकेका हाताचा एकेक. मध्ये वायर. खांद्यांइतके लांब ठेवायचे. अंगठ्याकडची बाजू उचललेली, म्हणजे पुस्तक पालथं घातल्यावर दिसतं तसं. आणि कळांच्या रांगा ज्याच्या त्याच्या बोटांच्या लांबीप्रमाणे वर-खाली. म्हणून मला तुझे हात लागतील. कागदावर ठेव, सैल सोड, आणि भावोजींकडून कडेने पेन्सिल फिरवून घे. त्यांना सांग, बायकोचा हात धरायची संधी पुन्हा यायची नाही.

तिसरी गोष्ट, सारखी बसू नकोस. थोडं बसून, थोडं उभ्याने. उभी राहून कोपर काटकोनात मुडपलंस की हात जिथे येईल ती टेबलाची उंची. लगेच सुताराकडे धावू नकोस. घरात वर-खाली होणारं इस्त्रीचं टेबल असेल, त्यावर चार दिवस करून बघ.

बाबा बरे आहेत. खिडकीपाशी असतात. तुझा नमस्कार सांगितला. फोन करायची वेळ आलीच तर दुपारी नको.

खटपट्या


३० जानेवारी

प्रिय खटपट्यास,

हात पाठवतेय. तुझे भावोजी पेन्सिल फिरवताना इतके गंभीर झाले, की चोराचे ठसे घेतायत असं वाटावं. "सैल सोड, सैल सोड" म्हणत होते, आणि मला सैल म्हणजे काय तेच आठवेना. उजवा कागदावर जाड दिसतो ती सकाळची सूज आहे. दुपारपर्यंत उतरते. तेवढं धरून चाल.

लेक शिकायला गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. तिथे खिडकीखाली इस्त्रीचं टेबल मांडलं. भावोजी म्हणाले, "मग माझे शर्ट कुठे?" म्हटलं, "तुमच्या अंगावर." पहिल्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या, मग सवय झाली. एक गंमत सांगू? बसून ऐकताना मी नेहमी न्यायाधीशाच्या बाजूची असायची. उभ्याने ऐकताना साक्षीदाराची होते.

उंची ठरल्यावर सुताराला बोलावलं. त्याने नुसतं माप ऐकलं आणि म्हणाला, "बाई, खुर्ची नसली की त्याला टेबल म्हणत नाहीत. हा दुकानाचा काउंटर. तुम्ही आत, गिऱ्हाईक बाहेर." पण काम चोख केलंय. दोन बाजूंना उभ्या फळ्या, त्यांत दोन खाचा. वरच्या खाचेत टेबलाची फळी सरकवली की उभं राहायचं, खालच्या खाचेत सरकवली की बसायचं.

मामांना एक ओळ लिहायला सांग ना. पूर्वी माझं पत्र लाल खुणा करून परत यायचं, खाली शेरा, "घाई नडली." कित्येक महिन्यांत त्यांचं अक्षर नाही. रागावलेत का माझ्यावर? त्यांनी लग्नात दिलेलं टाइपरायटर मी गेल्या वर्षी भंगारात दिलं. लेक बोलता बोलता बोलून गेली असेल. गंजलं होतं रे. पण तसं त्यांना सांगायची हिंमत नाही झाली.

ताई


१४ मार्च

प्रिय ताई,

उशीर झाला. कारण विचारू नकोस, हातात कामं फार होती.

सोबत दोन तुकडे आहेत. डाव्याखाली हिरवा ठिपका आहे. स्पेस नि एंटर अंगठ्यांना दिलेत. साध्या कीबोर्डात सगळ्यात दणकट बोटाला सगळ्यात कमी काम असतं आणि करंगळी मरते. अक्षरं सगळी तुझ्या सवयीच्या जागीच आहेत, नवं काही पाठ करायला नको. आणि मुख्य म्हणजे स्प्रिंगा. मिळतील तितक्या हलक्या शोधून आणल्या. फुंकर मारलीस तरी कळ दबेल असं समज. तुझ्या बोटांना काही करावंच लागू नये, असा बेत आहे.

पुढचं पत्र यावरच टाइप कर, म्हणजे मला दोष दिसतील.

बाबांनी रागावण्यासारखं काही नाही. त्यांना हल्ली लिहायचा कंटाळा येतो.

खटपट्या


२५ मार्च

प्रिय खटपट्यास,

वस्तू इतकी देखणी झालीय, की पहिला दिवस मी ती नुसती फळीवर ठेवून बघितली. हात ठेवले तर माझेच. प्रत्येक बोटाला आपलं घर सापडल्यासारखं. छाती उघडी राहते. खांदे कानांपासून इतके लांब असतात हे मी विसरले होते.

पण काहीतरी बिघडलंय. हे वरचं मी तीनदा पुसून दुरुस्त केलंय. आता एक वाक्य जसं उमटेल तसं ठेवते: तू पाठवलेेला ककळफलकक सुरेेख आहे, तरर पण मी न मारलेेली अक्षरंही तो मारततो.

बघितलंस? मी न सांगता. काही ओळी नीट जातात आणि मग एकदम सुरू होतं. विशेषतः थांबून ऐकत असते तेव्हा. साक्षीदार विचार करतोय, मी वाट बघतेय, आणि पडद्यावर ककककक. भावोजी म्हणाले, "साक्षीदार तोतरा आहे का?"

हसण्यावारी नेते, पण काल ऑफिसातून एक पान परत आलं. विभागातल्या बाईंनी नुसती खूण केली होती, शब्द नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोन्ही तुकडे परत पाठवतेय, बघ.

कंटाळा हे काही मामांचं कारण नव्हे. जो माणूस दुसऱ्याच्या पत्रातल्या अनुस्वारासाठी पोस्टाचं तिकीट लावायचा, त्याला कंटाळा? मी रुसलेय म्हणून सांग त्यांना.

ताई


८ एप्रिल

ताई,

सगळे जोड उकलून पुन्हा सोल्डर केले. वायर बदलली. माझ्याकडे दिवसभर टाइप करून बघितलं, एकही जास्तीचं अक्षर येत नाही. तुझ्याकडची हवा दमट आहे का? कळांखाली काही सांडलं होतं का? दोष सापडत नाही म्हणून चिडचिड होते. वस्तूवर नव्हे. पाठवतोय परत.

बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं.

खटपट्या


२१ एप्रिल

प्रिय खटपट्यास,

तेच आहे. हवा कोरडी, सांडलं काही नाही.

आता माझी रेकॉर्डिंग आधी यंत्राकडे जातात, मग मी त्याच्या चुका दुरुस्त करायच्या. बाई म्हणाल्या, हाताला तेवढाच आराम. चांगल्या मनाने म्हणाल्या. मी जुनाच कीबोर्ड काढलाय, कारण निदान तो मी मारलं तेच लिहितो.

तू आणखी वेळ घालवू नकोस. तुझ्या अक्षरावरून तू दमलेला दिसतोस. इतकी पत्रं वाचल्यावर एवढं कळतं.

ताई


५ मे

प्रिय ताई,

बसून लिहितोय, बाबा झोपलेत, तेव्हा एका दमात सांगतो.

नोव्हेंबरात बाबांची उजवी बाजू गेली. वाचा पण. समजतं सगळं. मान हलवतात, डावा हात चालतो. तुला सांगितलं नाही, आणि तुझ्या हाताचं कळल्यावर तर नाहीच, कारण तू तशीच मनगटाला पट्टे गुंडाळून दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली असतीस. त्यांना तसं कुणी बघितलेलं आवडलं नसतं. खरं सांगायचं तर मला आवडलं नसतं. मार्चमध्ये पुन्हा आठवडाभर दवाखान्यात होते, म्हणून ते पार्सल उशिरा आलं. टाइपरायटर भंगारात गेल्याचं त्यांना मी तुझं पत्र वाचून दाखवल्यावर कळलं. ते हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले. तुझी धास्ती तिथेच फिटायला हवी होती आणि मी ते कळवलं नाही.

आता दोषाचं. तुझं ते बिघडलेलं वाक्य मी त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं, 'कक'सकट. त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या गुडघ्यावर चारही बोटं ठेवली. भार टाकून. मला वाटलं, उठवून बसवायचंय. बसवलं. मान हलवली, नाही. पाणी? नाही. कूस बदलायची? नाही. दुसऱ्या दिवशी तेच, पुढेही रोज तेच. शेवटी मी चिडलो. म्हटलं, "बाबा, मला नाही कळत तुम्हाला काय हवंय." त्यांनी माझ्याकडे वर्गात बघायचे तसं बघितलं. मग बोटं पुन्हा ठेवली, एकच उचललं, गुडघ्यावर मारलं, आणि बाकीची तीन तशीच, अंगाचा सगळा भार घेऊन पडलेली. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

तुम्ही सगळे असंच शिकलात ना? टाइपरायटरच्या कळा जड. मारायचं नसेल तेव्हा बोटं मधल्या ओळीवर निवांत टेकवून ठेवायची, म्हणजे हाताला तेवढीच विश्रांती. बाबांचा विद्यार्थी दहा यंत्रांतून ओळखू यायचा तो त्यावरून. आणि मी शहाण्याने तुझा त्रास वाचावा म्हणून फुंकरीने दबणाऱ्या स्प्रिंगा घातल्या. तू ऐकायला थांबतेस, बोटं टेकतात, अक्षरं उमटतात. मी माझ्या बोटांनी तपासत होतो, आणि माझी बोटं कधी टेकायला शिकलीच नाहीत. वर्गात आणखी महिनाभर टिकलो असतो तर तुझं ते पान परत आलं नसतं.

सोबत तिसरा प्रयत्न, नवा कीबोर्ड. मधल्या ओळीत, जिथे तुझी आठ बोटं टेकतात, तिथे जड स्प्रिंगा. बाकी सगळीकडे हलक्या. टेकलीस तर तोलून धरतील.

तू येऊ नकोस. मावशी येऊन गेली, तिला परत पाठवलं. दिवसाची बाई ठेवली होती, तिलाही. त्यांना उचलायची माझी एक पद्धत बसलीय, दुसऱ्याच्या हाताने ते आखडतात. दुकान सकाळी दोन तास उघडतो, तेवढं पुरतं.

आणि एक विचारायचंय. तुझ्या उजव्या हाताची ती आकृती मी रोज समोर ठेवून काम केलंय. मध्येच भावोजींनी दुसरी पाठवली होती, ती तुझ्या नकळत, मीच मागितली होती. दुपारची, तुला डुलकी लागली असताना काढलेली. ती पहिलीपेक्षा जाड आहे. डॉक्टर खरं काय म्हणाले?

खटपट्या


१८ मे

प्रिय खटपट्यास,

हे पत्र भावोजी लिहितायत. मी बोलतेय, ते उतरवून घेतायत आणि दर वाक्याला "सावकाश" म्हणतायत. आयुष्यभर मी लोकांचं बोलणं उतरवलं. उतरवणाऱ्यासाठी बोलणाऱ्याला किती थांबावं लागतं हे आज कळतंय. थांबलं की नको ते आठवतं.

तिसरा बरोबर आहे. एका जुन्या रेकॉर्डिंगवर करून बघितला. साक्षीदार बराच वेळ गप्प होता. माझी बोटं टेकलेली, आणि पडदा कोरा. मी त्या कोऱ्या पडद्याकडे बघत राहिले. मग तो बोलला, मी उतरवलं, पान भरलं, एकही अक्षर परकं नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. उठून तोंड धुवायला गेले. नळ सोडला, आणि बंद करता येईना. चावी बोटांत धरली जायची, पण वळायची नाही. पाणी वाहत राहिलं. हाक मारली तर हे म्हणाले, "उजवीकडे फिरव." म्हटलं, "फिरत नाहीये." मग हे उठून आले, नळ बंद केला आणि तिथेच उभे राहिले.

डॉक्टर जानेवारीतच म्हणाले होते, टायपिंग बंद, पूर्ण बंद, निदान तीन महिने. नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतरही बोटं पूर्वीसारखी चालतील अशी खात्री ते देत नव्हते. तुला सांगितलं असतं तर तू कीबोर्ड केला नसतास. मला वाटायचं, नीट वस्तू मिळाली की थांबायची गरजच पडणार नाही. तुझ्या वस्तूत खोट नाही. तिच्याजवळ पोचायला मी उशीर केला, आणि त्या उशिरात रोज टाइप करत राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळवलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही बऱ्या होईपर्यंत सगळं यंत्रावर टाकते." बऱ्या होईपर्यंत. हे त्यांनी मनापासून म्हटलं की नुसतं म्हणायचं म्हणून, ते मी रेकॉर्डिंगमध्ये ओळखलं असतं. समोरासमोर ओळखता आलं नाही. ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. काय उरेल ते पावसाळा संपल्यावर कळेल. भीती वाटते. झोप मात्र लागते, ही नवी गोष्ट आहे.

मामांबद्दल तुझ्यावर रागवायचं होतं. दोन दिवस रागावलेही. पण मग आठवलं, की मीही तुला "जरा जपा" एवढंच लिहिलं होतं.

आता माझं मागणं. मामांना माझ्याकडे आणून सोड. नेहमीसाठी नाही, माझा हात बंद आहे तोवर. लेकीची खोली रिकामी आहे. उजेड भरपूर आहे. मला त्यांना उचलता येणार नाही, तू लिहायच्या आधी मीच सांगते. पण दिवसभर बसायला आता मी आहे, आणि कानात कुणी भांडत नाही. (उचलायला मी आहे. रोज व्यायाम करतो. हे वाक्य माझं. भावोजी.) तुझी पद्धत तू दोन दिवस राहून यांना शिकव. मग घरी जा, दुकान दिवसभर उघड, नाहीतर बंद ठेव आणि झोप. मामा आखडतील, माहीत आहे. माझ्याही घरी आखडतील, मग हळूहळू सैल होतील. तुझ्याकडे पहिल्या दिवशी सैल होते का?

तू नाही म्हणशील. मावशीला म्हणालास, त्या बाईला म्हणालास, मला तर येऊ नकोस म्हणून आधीच लिहिलंयस. तुझं "नाही" मी आत्ता इथे बसून ऐकू शकते, ते कुठल्या शब्दावर थांबेल तेसुद्धा. तरी ते लिहायच्या आधी एकदा मामांना विचार. तूच लिहिलंयस, त्यांना सगळं समजतं, मान हलवता येते. नोव्हेंबरपासून तू त्यांना पाणी हवं का विचारलंस, कूस बदलू का विचारलंस. हे विचारलं नसशील. आणि आताही विचारणार नाहीस, कारण ते हो म्हणतील अशी तुला भीती आहे.

विचार.

तुझी
ताई